बाणेरचा अनलिमिटेड बुफे: स्टार्टर भारी, पुढे आनंदच
ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलेलो. टेबलातच शेगडी, त्यावर पनीर, मशरूम, अननसाच्या सळया, आणि तुम्ही टेबलावरचा छोटा झेंडा खाली करेपर्यंत पोरं आणून देतच राहतात, हा भाग एकदम भारी. मेन कोर्सला मात्र डाळ कोमट, पुलाव कोरडा ठाक आणि गुलाबजामच्या भांड्यात नुसता पाक. बोर्डावरच्या रेटवर ५ टक्के जीएसटी पकडा, शिवाय सर्व्हिस चार्ज, तो ऐच्छिक असतो, नको म्हटलं की काढतात (काउंटरवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं). दोन फुलक्यांत पोट भरणारी मंडळी सोबत असतील तर पैसे पाण्यात, त्यांना डेक्कनला थाळी खिलवा, गरम वाढतात तरी. जायचंच तर वीकडेला दुपारी, जरा स्वस्त पडतं.