स्वच्छ घरातील झुरळे आणि जेलचा उपचार : एक अभिप्राय

रोज रात्री ओटा पुसला जातो, खरकटे सिंकमध्ये राहत नाही, कचऱ्याच्या डब्याला झाकण असते, आणि तरीही रात्री दिवा लावताच मिक्सरच्या मागून झुरळे पळतात, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हा अभिप्राय आहे. जुळे सोलापुरातील आमच्या सदनिकेत आधी एका सेवेची वार्षिक कराराची फवारणी झाली आणि ती निष्फळ ठरल्यावर शहरातल्याच एका छोट्या व्यावसायिकाकडून जेलचा, म्हणजे विषारी आमिषाचे ठिपके लावण्याचा, उपचार करून घेतला. माझे मत जेलच्या बाजूचे आहे, पण तक्रारी त्याबाबतही आहेत.

जेलवाल्याची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे त्याने आल्या आल्या औषध बाहेर काढले नाही. हातात टॉर्च घेऊन त्याने ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढल्या, फ्रिज भिंतीपासून सरकवला, त्याच्या दाराच्या रबराच्या घड्या उलगडून पाहिल्या आणि एका बिजागरीच्या मागे मिरपुडीसारखी बारीक काळी विष्ठा दाखवली. तिथेच आठेक मिलिमीटर लांबीचे, तपकिरी रंगाचे अंड्यांचे रिकामे कोष पडलेले होते. मानेमागे दोन गडद उभ्या रेषा असलेले हे लहान, फिकट तपकिरी झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. त्याच्या एका कोषात साधारण तीस ते चाळीस अंडी असतात आणि ती फुटायच्या बेतात येईपर्यंत मादी तो कोष स्वतःच्या पोटाशी बाळगते. त्यामुळे वरवरच्या फवारणीतून फटीतल्या माद्या वाचल्या, तर काही आठवड्यांत घर पुन्हा भरते.

त्याने स्वच्छतेविषयी फारसे विचारलेच नाही, विचारले ते पाण्याविषयी. सोलापुरात कधी चार तर कधी पाच दिवसांआड पाणी सुटते, त्यामुळे घरोघरी पिंपे, कळश्या आणि बादल्या भरलेल्या असतात, आणि पिंपाच्या बुडाखालची फरशी सहसा वाळत नाही. जर्मन झुरळ अन्नावाचून बरेच दिवस तग धरते, पाण्यावाचून मात्र त्याहून लवकर मरते. सिंकखालचा ठिबकणारा पाइप, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे आणि ओट्यावर पिळून ठेवलेले ओले फडके एवढ्यावर त्याचे भागते, म्हणून चकचकीत ओट्याखालीही त्याचा संसार चालतो. किराण्याबरोबर येणारी पुठ्ठ्याची खोकी घरात साठवू नयेत, हेही त्याने बजावले, कारण झुरळे आणि त्यांचे कोष बहुधा खोक्यांतून किंवा जुन्या यंत्रांतून घरात शिरतात.

फवारणी आणि जेल यांतला फरक औषधाच्या वेगात आहे. घरगुती फवारणीत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातले कीटकनाशक असते. ते अंगावर पडलेले झुरळ लगेच उलटे करते, पण बाकीच्यांना त्या जागेवरून हुसकावूनही लावते. आमच्याकडे फवारणीनंतर स्वयंपाकघर शांत झाले आणि झुरळे पुस्तकांच्या कपाटात दिसू लागली. जेलमध्ये फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा इंडोक्साकार्ब यांपैकी एखादे औषध आमिषात मिसळलेले असते. ते खाल्लेले झुरळ आपल्या फटीत परत जाऊन मरते, मग त्याची विष्ठा आणि मेलेले अंग खाणारी पिल्लेही त्याच विषाने मरतात. बाहेर न पडणाऱ्या पिल्लांपर्यंत पोहोचायचा याहून चांगला मार्ग माझ्या तरी पाहण्यात नाही. अट एकच, ठिपक्यांच्या आसपास स्प्रे किंवा फिनेल लागता कामा नये, नाहीतर झुरळे आमिषाला तोंड लावत नाहीत.

पहिल्या फेरीनंतर काही दिवस दिवसाउजेडीही झुरळे लडखडत बाहेर येऊन मरत होती, आणि घरच्यांना उपचार बिघडल्यासारखे वाटले, पण तसे होणे अपेक्षितच असते. दुसऱ्या फेरीनंतर एखाददुसरे पिल्लू सोडले तर स्वयंपाकघर मोकळे झाले. दुसऱ्या फेरीला त्याने वेगळे जेल वापरले, ही गोष्ट मला विशेष आवडली. काही जर्मन झुरळांना आमिषातले ग्लुकोज, म्हणजे एक साखरच, नकोसे वाटते, असे 1993 साली नोंदवले गेले होते, आणि अशा झुरळांमध्ये ग्लुकोजमुळे कडू चव ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या जातात, असे 2013 साली दिसून आले. एकच आमिष वर्षानुवर्षे लावत राहणाऱ्या सेवांनी याचा विचार करायला हवा.

आता तक्रारी. जेलची नळी आम्ही मागितल्यावरच दाखवली गेली. ग्राहकाने ती मागावीच, कारण 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार वेष्टनावर नोंदणी क्रमांक असतो आणि विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोणही असतो, त्यात लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. कडक भाकरीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ज्या फळीवर असतो तिच्या कडेला त्याने ठिपका दिला होता, तो आम्ही पुसायला लावला. गॅसजवळचे ठिपके सोलापूरच्या उन्हाळ्यात लवकर वाळून खडे झाले, ते बदलण्यासाठी दोनदा फोन करावा लागला. आणि वर्षभराची जी हमी लिहून दिली जाते, तिच्यात शाफ्टमधून, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीतून, येणाऱ्या पाइपाभोवतीची भोके बुजवणे येत नाही. वरच्या आणि खालच्या घरांतली झुरळे त्याच वाटेने येतात. आम्ही ती भोके पांढऱ्या सिमेंटने स्वतः बुजवली. फवारणीपेक्षा पैसे थोडे जास्त पडले, तरी पुन्हा बोलवायचे झाले तर याच माणसाला बोलवेन.

न्हाणीघरात रात्री दिसणारी मोठी, तांबूस झुरळे मात्र अजून अधूनमधून येतात. ती अमेरिकन जातीची असतात आणि गटारातून वर चढतात, त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातल्या जेलवर पैसे वाढवण्यात अर्थ नाही. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, आणि जी मोरी वापरात नसते तिच्या सापळ्यातले, म्हणजे खालच्या नळीच्या वाकणात साचलेले, पाणी उन्हाळ्यात आटून गटाराची वाट उघडी पडते, म्हणून पाणी कितीही जपून वापरत असलात तरी तिच्यात अधूनमधून तांब्याभर ओतावे.