कोमातल्या रुग्णाचा अंगठा घेऊन ‘मुखत्यारपत्र’ करून देणारे

रुग्ण कोमात, बिल रोज वाढतंय आणि पैसे त्याच्या एकट्याच्या नावावरच्या एफडीत अडकलेले. आयसीयूबाहेर नेमका याच वेळी कुणीतरी गाठतो: ‘कुलमुखत्यारपत्र करून देतो, नोटरी आपलाच आहे.’ (मुखत्यारपत्र म्हणजे रुग्णाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद.) भेटीच्या वेळेत शाईचं पॅड खिशातून आत जातं, सलाइनची पट्टी सारून अंगठा टेकवला जातो आणि कागदावर आजारपणाच्या आधीची तारीख पडते.

पटावं म्हणून तो म्हणतो, ‘बँकेत अंगठा चालतो.’ हे अर्धसत्य फार घातक आहे. आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, पण त्याला व्यवहार समजत असेल तरच. शिवाय दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. बेशुद्ध माणसाच्या ठशाला काहीच अर्थ नाही. आधी रीतसर केलेलं साधं मुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याची समज गेली की संपतं (करार कायदा १८७२, कलम २०१). मागची तारीख तर मुद्रांक विक्रेत्याच्या आणि नोटरीच्या नोंदवहीतच उघडी पडते. मग बनावट दस्त वापरल्याचा गुन्हा घरच्यांवरही येतो.

दुसरा प्रकार ‘पंधरा दिवसांत पालकत्वाची ऑर्डर’, म्हणजे रुग्णाचे व्यवहार बघायला घरच्यांना पालक नेमणारा आदेश, विकणाऱ्यांचा. १८९० चा पालकत्व कायदा फक्त अज्ञानांसाठी, म्हणजे अल्पवयीन मुलांसाठी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्ह्याची स्थानिक समिती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल तरच पालक नेमते. नॉमिनीचा हक्क मृत्यूनंतरचा. कोमासाठी वेगळा कायदाच नाही, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. कोर्ट डॉक्टरांचा अहवाल मागवतं, बाकीच्या वारसांचं म्हणणं आणि मालमत्तेची यादी बघतं, नेमणुकीनंतर हिशेबही मागू शकतं. याला वेळ लागतो, आणि हीच तपासणी रुग्णाचं रक्षण करते.

याचिका दाखल केली म्हणणाऱ्याकडून स्टॅम्प नंबर (याचिका दाखल करताना मिळणारा क्रमांक) किंवा प्रत्येक खटल्याला मिळणारा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक घ्या आणि कोर्टाच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. ‘कोर्ट फी’ म्हणून कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे टाकू नका. कोरे चेक, एफडीची मूळ पावती, एटीएमचा पिन देऊ नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर विचारा. महिला आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. तो अंगठ्याचा कागद अजून बँकेत दिला नसेल तर देऊ नका, फाडूही नका; तक्रारीत तोच पुरावा आहे.