कोकणातल्या पिकअपसाठी टायर आणि डिस्क: कोणत्या रस्त्याला काय घ्यावे

‘ऑल सीझन’ हा शब्द थंड देशांतून आलेला आहे. तिकडे तापमान 7 अंशांच्या खाली उतरले की नेहमीच्या टायरचे रबर कडक पडते, त्यामुळे हिवाळ्यासाठी वेगळे टायर बाळगावे लागतात, आणि ही दुहेरी खटपट टाळण्यासाठी बारमाही टायर निघाले. काही टायरांच्या कडेवर ‘एम प्लस एस’ अशी अक्षरे असतात, ती चिखल आणि बर्फ यांसाठी. बर्फाशी आपला संबंध मासळीच्या पेटीपुरता असल्याने दुकानात या अक्षरांचे कौतुक ऐकत बसण्यात अर्थ नाही. दापोली ते वेंगुर्ला या पट्ट्यात बारमाही टायर म्हणजे जून ते सप्टेंबर पाणी कापणारा आणि एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या काँक्रीटवरून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीपर्यंत जाणारा टायर.

पिकअपसाठी बाजारात मुख्यतः दोन पर्याय समोर येतात. पहिला एचटी, म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर, ज्याच्या नक्षीत गोलाकार सलग जाणारे तीन-चार चर असतात. दुसरा एटी, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचा, ज्याची नक्षी सुट्या ठोकळ्यांची आणि चर रुंद असतात. पुष्कळांचा समज असा की रुंद चर म्हणजे पावसात जास्त पकड. हा समज निम्माच खरा आहे. साचलेल्या पाण्यातून वाट काढायला चर लागतात हे खरे, पण ओल्या डांबरावर ब्रेक लागतो तो रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेल्या रबरामुळे, आणि एटीमध्ये ते रबर कमी टेकते. कुंभार्ली किंवा आंबा घाट भर पावसात उतरताना चांगल्या प्रतीचा एचटी अधिक भरवशाचा वाटतो. शिवाय एटी जड असतो, आवाज करतो आणि डिझेलही थोडे अधिक खातो.

एटीची बाजू मांडायची तर ती चिऱ्याच्या खाणीत आणि सड्यावरच्या वाटेवर मांडावी लागेल. जांभ्याची खडी धारदार असते. ती एचटीच्या पातळ कडेला सहज चिरते, आणि कडेला गेलेली चीर दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. पावसाळ्यात तांबड्या चिखलाचा चढ आला की एचटीचे चर भरून जातात आणि टायर गोटा असल्यासारखा जागच्या जागी फिरतो. त्यातच मागचा हौदा रिकामा असेल तर मागच्या चाकांवर वजन नसल्याने गाडी हलतसुद्धा नाही. एटीचे रुंद चर हा चिखल फिरता फिरता बाहेर फेकतात. म्हणून माझा हिशेब साधा आहे: रोजच्या धावेपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक कच्च्या वाटेवर असेल तर एटी, नाहीतर एचटी. बागेपर्यंतची शेवटची अर्धा किलोमीटर पाणंद वाईट आहे एवढ्या कारणासाठी चारही टायर एटी घेऊ नयेत. शेवाळ धरलेल्या काँक्रीटच्या पाखाडीवर, बाकी, दोन्ही सारखेच घसरतात.

निव्वळ चिखलाचा एमटी टायर मालवाहू गाडीला नको. नायलॉनचा जुन्या पद्धतीचा टायर अजून मिळतो. तो स्वस्त असतो, त्याची कड दणकट असते, आणि गाडी खाण ते बांधकाम एवढ्याच अंतरात फिरत असेल तर तो चालून जातो. मात्र भर लादून तासन् तास महामार्गावर तो फार तापतो. तिथे रेडियल, म्हणजे आत पोलादी तारांचे पट्टे असलेला टायरच हवा, आणि डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ते धातूचे चाक, चांगली असेल तर ट्यूबलेस, कारण खिळा रुतला तरी त्यातली हवा हळूहळू जाते.

नक्षीपेक्षाही महत्त्वाचा आकडा कडेवर छापलेला असतो आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. आकारानंतर येणारा भारांक म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याची खूण: 100 म्हणजे 800 किलो, 106 म्हणजे 950 किलो, 109 म्हणजे 1030 किलो. भरलेल्या गाडीच्या मागच्या आसावर 1900 किलो येत असतील तर प्रत्येक टायरवर 950 किलो आले, आणि 106 च्या खालचा टायर तिथे बसवणे म्हणजे फाटण्याला आमंत्रण. मोटारीचा त्याच मापाचा टायर स्वस्त मिळतो म्हणून पिकअपला घालणारे आहेत; माप जुळते, भारांक जुळत नाही. त्याच कडेवर शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे 2325 हा 2025 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. दोन वर्षे दुकानात पडलेला माल नवा म्हणून घेऊ नये.

आता डिस्क. इथे मी स्वतः चुकलो आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून मी अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या डिस्क बसवल्या, आणि तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या डाव्या चाकाची हवा रोज रात्रीतून उतरू लागली. खिळा नाही, चीर नाही. पंक्चरवाल्याने कडेवर साबणाचे पाणी ओतले तेव्हा टायर जिथे डिस्कला चिकटून बसतो त्या गोल रेषेवर बारीक बुडबुडे उठले. टायर उतरवल्यावर आतल्या रंगाखाली पांढरी भुकटी धरलेली दिसली. हर्णै किंवा मिरकरवाड्याहून मासळी भरली की हौद्यातून बर्फाचे खारे पाणी थेंबथेंब मागच्या चाकांच्या आतल्या अंगावर गळत राहते, आणि ती बाजू कोणी धूत नाही.

लोखंडी डिस्कलाही खारे पाणी सोडत नाही, उलट ती लवकर गंजते. फरक दुरुस्तीत आहे. लोखंडी डिस्क तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड आणि रंग मारून पुन्हा कामाला लागते, खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ करता येते, आणि तालुक्याच्या गावी सहज बदली मिळते. अलॉयला तडा गेला की ती बाद. अलॉय बहुधा वजनाने हलकी असते, पण टनभर माल वाहणाऱ्या गाडीत तो फरक हाताला लागत नाही. तरीही घ्यायचीच असेल तर डिस्कवर कोरलेली भारक्षमता पाहावी, नट तिच्याच बैठकीचे घ्यावेत, आणि पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांना कारखान्यातूनच 18 इंची अलॉय येते. त्यांच्या मालकांनी डिस्क बदलण्याचा विचार न करता ती आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुण्याची सवय लावली तरी पुरे.

मोठ्या मापाचा मोह टाळावा. टायरचा घेर वाढला की वेगाचा काटा कमी दाखवतो, भरलेली गाडी चढाला दमते, आणि पासिंगच्या वेळी प्रश्न निघतात ते वेगळेच.

एका वेळी दोनच टायर घेण्याइतके पैसे असतील तर नवे मागे घालावेत. पुढे घालण्याची रीत रूढ आहे, पण ओल्या वळणावर मागचे टायर सुटले तर गाडी आडवी होते आणि ती सावरणे बहुतेकांच्या हातात राहत नाही. चरांमधल्या झिजेच्या खुणा 1.6 मिलिमीटरवर असतात. कोकणात तेवढी वाट न पाहता 3 मिलिमीटर उरले की मृगाआधी टायर बदललेले बरे. आणि हौद्याखाली टांगलेली स्टेपनी मे महिन्यात एकदा खाली उतरवून बघावी, कारण तिची साखळी खाऱ्या वाऱ्याने गंजून आवळलेली असते आणि हे नेमके परशुराम घाटात, पावसात, पाना हातात घेतल्यावर कळते.