ताटाच्या काठावरचं क्षितिज: 'फुल थ्रस्ट'मध्ये ग्रह राखताना, सात महिन्यांनंतर

'फुल थ्रस्ट' म्हणजे टेबलावर छोटी अवकाश-जहाजं मांडून खेळायचा लढाईचा खेळ, मूळ ब्रिटिश. जहाजाभोवती 60 अंशांचे सहा आर्क, म्हणजे माऱ्याचे कोन, आणि आधी सगळ्यांच्या हालचाली, मग गोळीबार. ग्रहावरच्या तोफांसाठी आम्ही घरचा नियम केला. 12 इंचांचं स्टीलचं ताट म्हणजे ग्रह, त्याच्या काठावर बॅटऱ्या, म्हणजे तोफांचे ठाणे. बॅटरीपाशी काठाला टेकून पट्टी धरली की ते तिचं क्षितिज; पट्टीच्या पलीकडचं दिसतं, ताटाकडचं नाही.

असा 180 अंशांचा मारा मिळतो, पण मला तो फार वाटला. तोफेचा किरण हवेतून जायचा असतो ना! सरळ डोक्यावर मारला तर जेवढी हवा लागते, त्याच्या दुप्पट क्षितिजापासून 30 अंशांवर लागते आणि अगदी क्षितिजालगत जवळपास 38 पट. म्हणून दोन्हीकडून 30 अंश कापले. उरले 120, म्हणजे बरोब्बर दोन आर्क. मी खूश!

मग प्रत्येक लढाईत ग्रहवाला मार खायला लागला. बॅटऱ्या तीन, समान अंतरावर. शेवटी एका रविवारी शेजारशेजारच्या दोन बॅटऱ्यांच्या आर्कच्या कडांवर सुतळ्या ताणल्या, तर दोन्ही समांतर! मधली साडेदहा इंचांची गल्ली कितीही लांब गेलं तरी मिटत नाही. मित्र दर वेळी तिथूनच थेट ताटापर्यंत यायचा आणि वर "नशीब रे" म्हणायचा.

चार बॅटऱ्या केल्या की गल्ली काठापासून 14 इंचांवर मिटते, सहा केल्या की साडेचारच्या आत. आता सहाच ठेवतो, पण हलक्या. तरी एक खोट आहेच: वेग 12, म्हणजे एका चालीत 12 इंच, असलेलं जहाज आर्क ओलांडून जातं आणि चाल संपताना आडोशाला असतं, मग त्याच्यावर कुणी गोळी झाडत नाही. यावर अजून तोडगा नाही.

मापाची मात्र मजा आली. ताट पृथ्वी धरलं तर इंचाला सुमारे 1,060 किलोमीटर पडतात. 400 किलोमीटरवरचं अवकाश स्थानक काठापासून सेंटिमीटरभरही वर नाही. भूस्थिर कक्षा पावणेचौतीस इंचांवर, आणि खेळातल्या क्लास-3 बीमचा, म्हणजे मोठ्या किरण-तोफेचा, पल्ला 36; म्हणजे ती कक्षा माऱ्यात येते.

पुढची लढाई चंद्रावर. तिथे हवाच नाही, त्यामुळे पूर्ण 180 अंश, आणि तीन बॅटऱ्या पुरतात. त्याच मापात चंद्र म्हणजे सव्वातीन इंचांची वाटी. फक्त ती ताटापासून 30 फुटांवर, शेजारच्या खोलीत मांडावी लागेल.