झिंक जमिनीतून की पानांवरून? उसाला एक उत्तर, घरच्या धान्याला दुसरं

कृषी सेवा केंद्रात झिंक मागितलं की काउंटरवर तीन-चार वस्तू येतात. 21 टक्क्यांचं झिंक सल्फेट, 33 टक्क्यांचं झिंक सल्फेट, 12 टक्क्यांचं चिलेटेड झिंक (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं, मातीत सहज न अडकणारं) आणि एखादी पातळ औषधाची बाटली. सगळंच चांगलं आहे असं सांगतात. ते खोटं नसतं, पण त्यावरून काय घ्यायचं हे ठरत नाही. आधी हे ठरवावं लागतं की झिंक पिकाला कमी पडतंय म्हणून घ्यायचंय, की ते धान्य खाणाऱ्या माणसाला कमी पडतंय म्हणून. आपल्याकडे कोल्हापुरात पहिल्याचा विचार उसामुळे थोडाफार होतो, दुसऱ्याचा जवळजवळ होतच नाही.

उत्पादनासाठी म्हणाल तर सुरुवात माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेपासून करा. त्यातल्या 12 घटकांमध्ये जस्त, म्हणजे झिंक, आहे. आकडा 0.6 पीपीएमच्या (किलोमागे मिलिग्रॅम) खाली असेल तर जमिनीत कमतरता आहे आणि झिंकचा पैसा वसूल होतो. आकडा 1 च्या वर असेल तर उत्पादनासाठी झिंक टाकून फार काही हाती लागत नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या, चुनखडीच्या, सामू (पीएच) 8 च्या पुढे गेलेल्या रानात झिंक असूनही मुळांना मिळत नाही, चुना त्याला धरून ठेवतो. राधानगरी-गगनबावड्याकडची तांबडी माती आम्लधर्मी, त्यामुळे तिथं हा त्रास कमी. पण भाताच्या खाचरात पाणी साचून राहिलं की तिथंही झिंकची उपलब्धता घटते. शिवाय दर हंगामाला डीएपी खताचा भरपूर डोस देणाऱ्यांच्या रानात स्फुरद (फॉस्फरस) वाढत जातं आणि तेही झिंकच्या आड येतं.

लक्षणं ओळखू येतात. लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत भाताच्या खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसतात, रोप खुजं राहतं आणि खाचरात पॅचेस पडतात. याचंच नाव खैरा. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात य. ल. नेने यांनी 1966 मध्ये हा रोग बुरशीचा नसून जस्ताच्या कमतरतेचा आहे हे दाखवून दिलं. उसात पानाच्या शिरांमध्ये फिकट पट्टे येतात आणि कांड्या आखूड पडतात.

सल्फेट की चिलेट

जमिनीतून द्यायचं तर माझा कौल झिंक सल्फेटला आहे, आणि तो आकड्यांवर आहे. उसासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस कमतरतेच्या जमिनीत हेक्टरी 20 किलो झिंक सल्फेटची, म्हणजे एकरी 8 किलो. 21 टक्क्यांच्या मालातून त्यात जवळपास 1 किलो 700 ग्रॅम शुद्ध झिंक जातं. 33 टक्क्यांचा माल असेल तर 5 किलोत तेवढंच भागतं. चिलेटच्या एक किलोच्या पुड्यात असतं फक्त 120 ग्रॅम. चिलेट चुनखडीच्या जमिनीत लवकर अडकत नाही, म्हणून कमी लागतं, हे खरं. पण 120 ग्रॅममधून खोडव्यासाठी (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसासाठी) काही शिल्लक राहील अशी अपेक्षा करू नका. सल्फेट एकदा नीट दिलं की त्याचा अंश पुढच्या दोन-तीन पिकांना पुरतो. दुकानात भाव विचारताना पोत्याचा किंवा पुड्याचा भाव बघू नका; त्यात झिंक किती ग्रॅम आहे ते काढा आणि दर ग्रॅमला काय पडतं ते बघा.

द्यायची रीतही तितकीच महत्त्वाची. एक किलो झिंक सल्फेटला दहा किलो चाळलेलं शेणखत घ्या, ओलसर करून सावलीत आठवडाभर मुरवा आणि लावणीच्या वेळी सरीत द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून मात्र कधीही देऊ नका. स्फुरद आणि झिंक एकत्र आले की न विरघळणारा साका होतो आणि दोन्ही वाया जातात. ड्रिपमधून देणाऱ्यांना चिलेट सोयीचं पडतं ते याच कारणानं: सल्फेट आणि 12:61 हे स्फुरदाचं विद्राव्य खत एका टाकीत गेलं तर ड्रिपच्या नळ्या (लॅटरल) चोंदतात.

याच साक्याचा उपयोग बनावट माल ओळखायला होतो. झिंक सल्फेटच्या नावाखाली मॅग्नेशियम सल्फेट विकलं जातं. दोन्ही पांढरे खडे, हाताला सारखेच लागतात. एका काचेच्या ग्लासात चमचाभर झिंक सल्फेट विरघळवा, दुसऱ्यात चमचाभर डीएपी विरघळवून गाळून घ्या आणि दोन्ही पाणी एकत्र ओता. खरं झिंक असेल तर फाटलेल्या दुधासारखा दाट, गुठळ्यांचा साका खाली बसतो. मॅग्नेशियम असेल तर तसा साका होत नाही. पोतं फोडल्यावर पाच मिनिटांत होणारी ही परीक्षा प्रत्येकानं करावी, आणि माल बनावट वाटला तर बिल जपून ठेवून खत निरीक्षकाकडं नमुना द्यावा.

ताटातलं झिंक

आता दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. 2016 ते 2018 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 19 वयोगटातल्या 32 टक्के मुला-मुलींमध्ये झिंकची कमतरता आढळली. झिंक कमी पडलं की वाढ खुंटते, जखम लवकर भरत नाही, जुलाब वारंवार होतात. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या जिल्ह्यात याची काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. मटणातून झिंक चांगलं मिळतं आणि अंगीही लागतं. पण ते आठवड्यातून एकदा, आणि बऱ्याच घरांत फोडी गड्यांच्या ताटात नि बायका-पोरींच्या वाट्याला रस्सा. रोजचं पोट भरतं ते भाकरी, चपाती आणि भातावर.

मग धान्यातच झिंक वाढवता येतं का? येतं, पण जमिनीत टाकून फारसं नाही. भारतासह सात देशांत गव्हावर घेतलेल्या चाचण्यांमध्ये झिंक न देता दाण्यात सरासरी किलोमागे 27 मिलिग्रॅम झिंक होतं. जमिनीतून दिल्यावर ते थोडंच वाढलं. फवारणी केल्यावर 48 पर्यंत गेलं. म्हणजे जी बाई दिवसाला 200 ग्रॅम पीठ खाते, तिच्या पोटात 5.4 ऐवजी 9.6 मिलिग्रॅम जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची गरज आहे 13.2 मिलिग्रॅम. गोळी नाही, औषध नाही, नुसत्या चपातीतून एवढा फरक.

भातात फरक लहान आहे. अशाच चाचण्यांत फवारणीनं ब्राऊन राइसमधलं झिंक साधारण 25 टक्क्यांनी वाढलं, जमिनीतून दिल्यानं दोन-तीन टक्केच. त्यातला काही भाग पॉलिश करताना कोंड्यात निघून जातो. आजऱ्याचा घनसाळ घरी खायला ठेवत असाल तर गिरणीवाल्याला पॉलिश कमी करायला सांगणं फवारणीइतकंच कामाचं आहे.

फवारणी घरच्या गव्हाच्या तुकड्यापुरतीच करायची. ओंबी बाहेर पडताना एक आणि दाणा चिकात असताना दुसरी. एकरी 200 लिटर पाण्यात 21 टक्क्यांचं झिंक सल्फेट 1 किलो, त्यात अर्धा किलो चुना रात्रभर भिजवून वर आलेली निवळी. चुन्याशिवाय मारलं तर पानं करपतात. 33 टक्क्यांचा माल असेल तर 600 ग्रॅम पुरे. ऊन उतरल्यावर मारा. इथं सल्फेट विरुद्ध चिलेट हा वाद मोठा नाही. खर्च पेलत असेल तर चिलेट मारा, चुन्याची कटकट वाचते.

उसासाठी ही दुसरी बाजू लागूच नाही. गुळा-साखरेतून कुणाचं झिंक भरून निघत नाही, तेव्हा उसाला जमिनीतून द्या आणि विषय संपवा. सोयाबीनचंही बहुतेकांचं तसंच, माल सगळा बाजारात जातो.

स्वयंपाकघरात एक गोष्ट फुकट होते. धान्य-कडधान्यातलं फायटेट हे नैसर्गिक द्रव्य झिंकला शरीरात शोषू देत नाही. मोड आणले किंवा पीठ आंबवलं की ते कमी होतं. मटकीची उसळ आणि नाचणीची आंबील आपल्याकडं पूर्वीपासून आहेच, ती मुलांच्या ताटात नेमानं असावी.

राहिला बियाण्याचा मार्ग. पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस 4028 हा बन्सी गव्हाचा वाण कोरडवाहूसाठी आहे, त्यात झिंक 40 पीपीएमच्या आसपास. खरीप ज्वारीत परभणी शक्ती आहे, 32 पीपीएमची. बियाणं एकदा घेतलं की दरवर्षी फवारणीचा खर्च नाही, हा मोठा फायदा. पण वाण झिंक बनवत नाही, तो मातीतलंच उचलतो. पत्रिकेवर आकडा 0.6 च्या खाली असेल तर असलं बियाणं आणण्याआधी झिंक सल्फेटचं पोतं आणा, आणि बियाणं पुढच्या हंगामाला घ्या.