27 फोटोंचा कॅमेरा घेऊन साकुरा बघायला

गेल्या वर्षी फोनवर साकुराचे, म्हणजे जपानी चेरीच्या फुलांचे, चारेकशे फोटो काढले. त्यातला एकही पुन्हा उघडून पाहिला नाही. म्हणून यंदा ओसाकात ‘उत्सुरुन्देसु’ घेतला. फुजीफिल्मचा हा पुठ्ठ्यात गुंडाळलेला कॅमेरा 1986 पासून मिळतोय. आत 27 फोटोंचा रोल असतो. तो संपला की अख्खा कॅमेराच धुवायला द्यायचा. झूम नाही, फोकस नाही, काढलेला फोटो बघायची सोय नाही.

क्योतोत सागा-अराशियामाला उतरले तेव्हा पाकळ्या गळायला लागल्या होत्या. पहिले सहा फोटो सवयीने पंधरा मिनिटांत उडवले. मग कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत उरलेल्या फोटोंचा 21 आकडा दिसला आणि हात आखडला.

चालत राकुशिशाला गेले. हायकूकार बाशोचा शिष्य क्योराई याची ही झोपडी. अंगणातली काकीची (पर्सिमनची) फळं एका रात्रीच्या वादळात सगळी गळाली, म्हणून हे नाव: ‘गळालेल्या काकींची झोपडी’. 1691 साली बाशो इथे राहिला होता. दाराशी गवताचं इरलं आणि टोपी टांगलेली असते, म्हणजे मालक घरात आहेत. (आजोळी पडवीत इरलं दिसलं की तात्या शेतावरून आलेत हे कळायचं, तसंच!) इथे एकच फोटो काढला, त्याआधी बराच वेळ नुसती बसून होते. आवारात हायकू टाकायची पेटी आहे. मी मराठीतच लिहून टाकला, वाचणारे काय करतील ते करोत:

पुलाच्या खांबाशी
अडला फुलांचा तराफा
पाणी चाललंय

‘फुलांचा तराफा’ माझा नव्हे बरं का. पाण्यावर साचलेल्या पाकळ्यांसाठी जपानीत ‘हानाइकादा’ हा वसंताचा खास शब्दच आहे.

आता कॅमेऱ्याच्या मर्यादा. एक मीटरच्या आतलं सगळं धूसर येतं. फुलाच्या अगदी जवळ जाऊन मी तीन फोटो वाया घालवले, वेष्टनावर लिहिलेलं वाचलं असतं तर वाचले असते. बांबूच्या गर्द सावलीत फ्लॅश न लावता काढलेले दोन काळेकुट्ट. रोल धुणं, स्कॅन करणं यांचे पैसे वेगळे, तेव्हा स्वस्त समजून घेऊ नका. पण रोल पुढे सरकवायचं चाक फिरवताना येणारी करकर मला फार आवडली. पुढच्या फोटोआधी तेवढा दम खावाच लागतो.

आई फोनवर रोज विचारायची, “फोटो कधी पाठवतेस?” आठवड्याने फोटो धुऊन आले, तेव्हा तराफ्याचा तेवढा पाठवला. म्हणाली, “पाणी छान आहे गं. पण तू कुठेयस यात?”