राजमंदिर, जयपूर: पडदा सरकण्यापूर्वीचा खेळ

जयपूरला जाणारा मराठी प्रवासी आमेरचा किल्ला, हवामहल आणि जंतरमंतर पाहतो, बापू बाजारातून मोजड्या आणि रजई घेतो आणि परतीची गाडी पकडतो. राजमंदिर या चित्रपटगृहात संध्याकाळचा एक खेळ पाहिल्याशिवाय त्याने ती गाडी पकडू नये, असे माझे मत आहे. या मताचा चित्रपटाशी जवळजवळ काही संबंध नाही. मी ज्या दिवशी गेलो त्या दिवशी लागलेला हिंदी चित्रपट कोणत्याही पडद्यावर तेवढाच लांबला असता. म्हणून हे परीक्षण इमारतीचे आहे आणि तिकीट हाती आल्यापासून दिवे मालवले जाईपर्यंत ती इमारत प्रेक्षकाची जी सरबराई करते, तिचे आहे.

मिर्झा इस्माईल मार्गावर पाचबत्तीपाशी आले की भगवानदास मार्गावरचे राजमंदिर अगदी जवळ आहे. जयपुरात दोन दिवस काढलेल्या माणसाला त्या दर्शनी भागात कमान, छत्री किंवा जाळी अपेक्षित असते, पण तेथे यातले काहीच नाही. फेटलेल्या सायीला चमच्याने ओढ द्यावी तशा वळणदार, एकावर एक सरकलेल्या भिंती, नागमोडी रेषा आणि त्यांवर नऊ तारे, असे हे रूप आहे. हे नऊ तारे नवरत्नांचे प्रतीक मानले जातात. जवाहिऱ्यांच्या शहरातल्या चित्रपटगृहाला ते शोभतातही. दुपारच्या उन्हात ही इमारत थोडी गोंधळलेली, चुकून येथे येऊन थांबलेली वाटते. अंधार पडून तिच्यावर दिवे लागले की तिच्या वळणांचा अर्थ कळतो, कारण ती मुळात दिव्यांसाठीच काढलेली आहेत.

ही इमारत मेहताबचंद्र गोलछा यांच्या हौसेतून उभी राहिली. १९६६ मध्ये राजस्थानचे तत्कालीन मुख्यमंत्री मोहनलाल सुखाडिया यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि तब्बल दहा वर्षांनी, १ जून १९७६ रोजी, 'चरस' या चित्रपटाने पडदा उघडला. आराखडा वामन नामजोशी यांचा. हे नाव मराठी वाचकाला अपरिचित वाटेल, पण त्यांचे काम आपल्यापैकी अनेकांनी नकळत पाहिलेले आहे. मुंबईत मरीन लाइन्सजवळच्या 'लिबर्टी'चा मूळ आराखडा रिडली ॲबट यांचा असला, तरी प्रेक्षागृहाची जी सजावट लोकांच्या डोळ्यांत राहिली ती नामजोशींची आहे. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उसळता उसळता गोठल्यासारखी दिसणारी गिलाव्यातली कारंजी आणि त्यांच्या आडून झिरपणारा रंगीत प्रकाश हे लिबर्टीचे वैशिष्ट्य आहे. दक्षिण मुंबईतली मोठी, वातानुकूलित चित्रपटगृहे इंग्रजी चित्रपटांसाठी राखलेली असताना हबीब हुसेन यांनी हिंदी चित्रपटासाठी तितकेच देखणे घर बांधले, स्वातंत्र्याची आठवण म्हणून त्याला लिबर्टी हे नाव दिले आणि १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने ते सुरू केले. लिबर्टी पाहिलेला माणूस राजमंदिरात शिरला की त्याला ओळखीच्या हस्ताक्षरातले पत्र हाती आल्यासारखे वाटते. प्रकाशाचा उगम दडवून भिंतच उजळते आहे असा भास निर्माण करण्याची ती युक्ती तीच आहे. फक्त लिबर्टीत जो हात आखडता होता तो येथे पूर्ण मोकळा सुटला आहे.

या मोकळ्या हाताचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे दालन. आजच्या मल्टिप्लेक्समध्ये तिकीट दाखवल्यापासून खुर्चीपर्यंतचा रस्ता हा केवळ बोळ असतो आणि त्यात थांबावेसे वाटले, तर ते पॉपकॉर्नसाठी. राजमंदिराचे दालन थांबण्यासाठीच बांधलेले आहे. उंच छत, भव्य झुंबरे, पायाखालचा गालिचा, वरच्या मजल्याकडे ऐटीत वळत जाणारा जिना आणि कोनाड्यांतून येणारा मंद प्रकाश यांमुळे आत आलेल्या माणसाची चाल आपोआप बदलते. मी एका बाजूला उभा राहून हे बराच वेळ पाहिले. बाहेर मोठ्याने बोलत आलेले कॉलेजचे टोळके आत येताच आवाज उतरवून केस नीट करू लागले. एका आजींनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून पदर सावरला आणि नातवाला फोटो काढायला सांगितले. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना माणसे जशी स्वतःकडे एकदा पाहून घेतात, तसेच हे होते. खेळ पाहायला आलेल्या माणसाला खेळातले पात्र करून टाकणे हीच जुन्या चित्रपटगृहांच्या मालकांची खरी कसब होती. न्यूयॉर्कचे चित्रपटगृहसम्राट मार्कस लो यांच्या नावावर एक वाक्य सांगितले जाते, की आम्ही तिकिटे चित्रपटांची विकत नाही, चित्रपटगृहांची विकतो. त्यांच्याच कंपनीच्या घराण्यातले 'मेट्रो' १९३८ मध्ये मुंबईत आले आणि हा विचार धोबीतलावच्या नाक्यावर रुजला.

अर्थात आपल्याकडे ही कला आयात झाली असे समजण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्याच तिकिटात नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा कार्यक्रमही होता. पुढे सुरतेत, रात्रभर चालणाऱ्या नाटकांना सरावलेला प्रेक्षक दीड तासाच्या खेळाला पैसे मोजेना, तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. चित्रपट फुटपट्टीने मोजून विकणारा हा माणूस आजच्या कोणत्याही प्रसिद्धी विभागाला शिकवणी देऊ शकला असता.

तिकिटांच्या वर्गवारीचेही तसेच. १८९६ च्या जुलैमध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखवली गेली तेव्हा सरसकट एक रुपया दर होता. तोच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेल्यावर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर झाले आणि पिटातला, म्हणजे पुढच्या स्वस्त जागेतला, प्रेक्षक जन्माला आला. राजमंदिराने ही उतरंड मोडली नाही, पण तिला नावे मात्र मोठ्या चातुर्याने दिली आहेत: पर्ल, रुबी, एमराल्ड आणि डायमंड. म्हणजे अगदी पडद्याजवळ बसणाराही मोत्याचा धनी. स्वस्त तिकीट काढणाऱ्याला कमीपणा वाटू न देणारी ही पद्धत मला 'गोल्ड' आणि 'रिक्लायनर' यांपेक्षा सुसंस्कृत वाटते. माझी शिफारस एमराल्डची आहे. तेथून पडदा नजरेत मावतो आणि भिंतींवरचा प्रकाशाचा खेळही दिसतो.

तो खेळ चुकवू नये म्हणून निदान अर्धा तास आधी पोहोचावे. सुमारे तेराशे आसनांच्या त्या प्रेक्षागृहात भिंती आणि छत यांच्या वळ्यांमध्ये दिवे दडवलेले आहेत. ते गुलाबीतून निळ्यात, निळ्यातून हिरव्यात असे संथपणे बदलत जातात आणि मग पडदा उघडतो. येथे पडदा हा शब्द मी जुन्या अर्थाने वापरतो आहे. कापडाचा, जड, चुण्यांचा पडदा सरकताना पाहणे हे नाट्यगृहात वाढलेल्या मराठी माणसाला तिसऱ्या घंटेइतकेच सुखाचे असते. खेळाच्या आरंभी सुगंध सोडण्याच्या प्रथेबद्दल मी बरेच ऐकून होतो, परंतु शेजारच्या कुटुंबाने नेमका त्याच क्षणी घरचा लसणीचा चिवडा उघडल्यामुळे त्याविषयी मी साक्ष देऊ शकत नाही.

प्रेक्षकांविषयी मात्र देऊ शकतो. नायकाच्या प्रवेशाला शिट्ट्या पडल्या, गाण्याला टाळ्यांचा ठेका धरला गेला, खलनायकाला मागच्या रांगेतून सल्ले मिळाले. हे ज्याला खपत नाही त्याने येथे येऊ नये. कुजबुजत्या संवादांचा, लांब शांततेचा चित्रपट या वास्तूत हरवून जाईल, असेही मला प्रामाणिकपणे वाटते. एवढी सजलेली खोली साधेपणाशी स्पर्धा करते आणि जिंकते. काटेकोर अभिरुचीच्या वास्तुरसिकांना हे गुलाबी-निळे वैभव भडक वाटते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लिबर्टीतला संयम मला स्वतःला अधिक भावतो. पण भडकपणालाही जर कौशल्य लागत असेल, तर येथे ते अव्वल दर्जाचे आहे.

एका बाबतीत राजमंदिर मुंबईच्या दिमाखाहूनही वेगळे आहे. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम'चा पहिला खेळ झाला, तेव्हा चित्रपटाची रिळे सजवलेल्या हत्तीवरून आली, शहनाई वाजली, निमंत्रणे उर्दूत लिहिलेल्या शाही फर्मानासारखी होती आणि इमारतीला मोगली महालाचे रूप दिले होते. असा थाट पुन्हा होणे नाही. पण तो थाट त्या चित्रपटाचा होता, चित्रपट उतरला की तोही उतरणार होता. गोलछांनी थाट भिंतींतच बांधून टाकला, त्यामुळे शुक्रवारी लागून सोमवारी पडणाऱ्या चित्रपटालाही येथे राजेशाही स्वागत मिळते. मालकाच्या दृष्टीने हा व्यवहार महागडा असणार. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो फायद्याचा आहे, कारण चित्रपट फसला तरी तिकिटाचे पैसे दालनातच वसूल झालेले असतात.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सुट्टीच्या दिवसांत तिकीट आधी काढून ठेवावे, कारण पर्यटकही गर्दी करतात. हिंदी न समजणारे परदेशी पाहुणे मध्यंतरापर्यंत बसून समाधानाने निघून जातात, असे मी पाहिले. मध्यंतरात खुर्चीतच बसून राहणे हा मात्र या वास्तूचा अपमान आहे. जिन्याच्या वरच्या कठड्यापाशी समोसा घेऊन उभे राहावे आणि खालचे झुंबर व त्याखालून चाललेली वर्दळ पाहावी. खेळ सुटल्यावर लगेच रिक्षाही शोधू नये. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला दहा मिनिटे थांबावे. मी थांबलो तेव्हा पुढच्या खेळाची माणसे आत शिरत होती आणि दारातून आत गेलेला प्रत्येकजण आधी वर छताकडे पाहत होता.